अल्याड, पल्याड आणि गोजर

सोनवळ नदीच्या काठी गोजर नावाची एक चिमुकली मुलगी राहायची. आईचा पाय अधू, घरात पीठ जेमतेम, आणि नदीच्या वाळूत लावलेली कलिंगडाची इवलीशी वाडी हाच काय तो दोघींचा आधार. त्यात यंदा नदीबाईंना लहर आली! सगळी धार पलीकडच्या काठाला जाऊन बसली. वाडी सुकली, तर मायलेकींनी खायचं काय? म्हणून गोजर रोज तापलेली वाळू तुडवत पल्याड जायची आणि कळशीभर पाणी आणून एकेका वेलाला पाजायची.

एकदा परतताना तिला कुणीतरी सोडून दिलेल्या वाडीत एक पिवळंधमक फूल मान टाकून पडलेलं दिसलं.

"लई तहान लागली व्हय रं सोन्या?" म्हणत तिनं त्याच्या मुळाशी सगळी कळशी रिती केली.

चमचम, लखलख! फुलातून बोटभर परी बाहेर आली. चतुराचे पंख, मोरपंखी झगा, कपाळावर दवाची टिकली.

"गोजरबाई, एक इच्छा माग," परी म्हणाली. "पण दिवस मावळायच्या आत, आणि फक्त पल्याडसाठी. अल्याडचं मागितलंस, की मी चालले!"

गोजर हिरमुसली. पल्याडला तर पाणीच पाणी! त्यांच्यासाठी आणखी काय मागायचं? विचार करत ती पुन्हा निघाली, गुडघाभर धार ओलांडून पलीकडे गेली. तिथं तिच्याच वयाची पारू वेलांतलं तण काढत होती.

"ये गं, पाणी पी. आमचं अल्याडचं पाणी लई ग्वाड," पारू म्हणाली.

"अल्याड? ह्ये तर पल्याड!"

"येडी का काय! पल्याड तर तुमचं गाव."

गोजरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे इथं उभं राहून मागितलं, तर आपलीच वाडी पल्याड! तिनं तोंड उघडलं, आणि नजर पारूच्या हिरव्यागार वेलांवर गेली. धार तिकडे गेली तर हे सुकणार. मग पारू पाय भाजत कळशी वाहणार. गोजरनं तोंड मिटलं.

सूर्य तर टेकायला आला. नदीच्या मधोमध एक जुना चौथरा होता, फार पूर्वी कुण्या राणीनं बांधलेला. दिवाळीत दोन्ही गावं तिथं पणत्या लावत. गोजर पळत सुटली ती थेट चौथऱ्यावर चढली.

"परीताई! आता मी मधी हाय. ह्यो काठ बी पल्याड, त्यो काठ बी पल्याड. दोन्ही पल्याडांना पाणी दे!"

परी भुर्रकन तिच्यासमोर आली आणि खळखळून हसली. "आणि अल्याडला काय गं?"

"अल्याडला मी एकलीच. माझं चालतंय."

"चालतंय कसं? अल्याडचं मी माझ्या मनानं देते!"

झगमग उजेड झाला, सोनेरी, गुलाबी, निळाशार, आणि त्यात परी विरून गेली. धारेच्या दोन धारा झाल्या. एक पारूच्या वेलांपाशी थांबली, दुसरी आईच्या वाडीकडे दुडूदुडू धावली. मधल्या चौथऱ्याभोवती मऊमऊ वाळूचं बेट वर आलं आणि त्यावर कलिंगडांच्या वेली सरसर पसरल्या. सगळ्या गोजरच्या!

एका काठावरून आई ओरडली, "गोजे, अल्याड ये गं!" दुसऱ्या काठावरून पारू ओरडली, "गोजे, अल्याड ये!"

गोजरनं सगळ्यात मोठं कलिंगड फोडलं आणि दोन्हीकडे बघून जोरात हाक दिली, "तुमीच या की समदी अल्याड!"