खर्जाची जागा

त्या राज्यात शब्दांना परवाना लागत असे. गाणे लोकांपुढे म्हणण्याआधी धनेशाच्या कचेरीत न्यावे लागे. धनेश आपल्या जाड चोचीने नको ते शब्द टोचून काढी आणि उरलेले गाणे परत करी. पुष्कळदा त्यात ‘आणि’ व ‘परंतु’ एवढेच उरलेले असे.

दयाळ, साळुंकी, बुलबुल आणि भारद्वाज हे चौघे एकाच गुरूकडे शिकलेले. समुद्रापलीकडून वाऱ्यावर येणारा एक डोलता ठेका त्यांना फार आवडे. दयाळाने त्यावर चार आवाजांची चाल बांधली. वर साळुंकी आणि बुलबुल, मध्ये तो स्वतः, आणि सगळ्यांच्या खाली भारद्वाजाचा खर्ज. शब्द त्यांनी घातलेच नाहीत. नुसते डा, बा, दू.

धनेशाने गाणे शेवटपर्यंत ऐकले.

“शब्द कुठे आहेत?”

“नाहीत, साहेब,” दयाळ म्हणाला.

“मग मी टोचू काय?”

याचे उत्तर नियमांत नव्हते. परवाना मिळाला.

गाणे रानभर झाले. ते ऐकून घरी परतताना पक्षी सावकाश उडत. ससाणा राजाने चौघांना परदेशी पाठवायला सुरुवात केली. आपल्या राज्यात पक्षी गातात, हे बाहेर दिसलेले त्याला हवे होते. तिकडच्या बगळ्यांनी त्यांना डोक्यावर घेतले. एकाने भारद्वाजाला बाजूला नेऊन म्हटले, “राहा की इथेच. तिकडे काय ठेवलंय?”

“तिघं ठेवलेत,” भारद्वाज म्हणाला. “खर्ज एकटा गायला की नुसता घुमतो हो.”

तो परत आला.

पुढे ससाण्याच्या वाढदिवसाचा सोहळा ठरला. कचेरीतून या वेळी शब्द आले, टोचलेले नव्हे, नवेकोरे: ‘ससाणा आमची सावली’. दयाळ दिवसभर चोच पंखात खुपसून बसला. नाही म्हटले तर गाणेच बंद होणार होते.

“एकदाच म्हणून टाकू,” तो शेवटी म्हणाला.

“तुम्ही म्हणा,” भारद्वाज म्हणाला. “मला जमणार नाही.”

“तुझा आवाज खाली असतो. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

सोहळ्यात तिघांनी शब्द म्हटले. भारद्वाज खाली नुसता ‘दू’ म्हणत राहिला. ‘सावली’ या शब्दाखाली तो ‘दू’ असा काही वाजला, की मागच्या फांदीवरचे कोणीतरी हसले. धनेशाला ते हसणे ऐकू गेले.

भारद्वाजाला सरहद्दीपलीकडच्या खाजणात सोडण्यात आले. त्याचे नाव उच्चारू नये असा हुकूम निघाला आणि खर्जासाठी कचेरीने एक पारवा पाठवला. पारवा स्वभावाने गरीब होता.

“तुझा काही दोष नाही रे,” साळुंकी त्याला म्हणाली, “पण तू घरी जा.”

मग ती दयाळाकडे वळली. “आता बोल.”

दयाळाला तिच्याकडे बघवेना. “शब्द मी म्हटले,” तो म्हणाला. “त्याने नाही म्हटले. त्याची जागा मोकळी ठेवायची. तिथे कुणी गायचे नाही, मीसुद्धा नाही.”

“लंगडं होईल गाणं,” बुलबुल म्हणाला.

“होऊ दे.”

त्यांच्या पुढच्या कार्यक्रमाला सगळे रान लोटले. पुढच्या फांदीवर धनेश बसला होता. तिघे जुनी चाल गाऊ लागले. गाणे खरोखरच लंगडे झाले. दर आवर्तनात खर्जाची जागा आली की तिघे थांबत आणि रान त्यांच्याबरोबर थांबे. दयाळाचा आवाज दोनदा फाटला. तरी तो गातच राहिला.

पुढच्या आवर्तनात तिघे थांबले, आणि कुठूनतरी खालून खर्ज आला. आधी एका झाडातून, मग शेजारच्या झाडांतून, मग सगळीकडून.

धनेश उठला. फांदीफांदीवर जाऊन, अगदी जवळून, तो एकेक चोच पाहत गेला. सगळ्या मिटलेल्या होत्या. खर्ज चालूच होता.