पदराकडे गेलेला हात

एकदा एक सून गावाबाहेर राहणाऱ्या एका वृद्धेच्या अंगणात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, मला लाठी शिकवा."

ती वृद्धा एका नामांकित वस्तादाची विधवा होती. वस्ताद तालमीत पोरांना लाठी शिकवत, तेव्हा भिंतीआड भाकऱ्या थापता थापता तिनं सगळे हात पाठ केले होते. वस्ताद गेले, शिष्य पांगले आणि विद्या तेवढी म्हातारीच्या मनगटात उरली.

"कशाला शिकायचीय?" तिनं विचारलं.

"ओढ्याच्या वाटेवर टवाळ पोरं बसतात. स्वतःचं रक्षण करता आलं पाहिजे."

म्हातारीनं सुनेच्या दंडावरचा हिरवानिळा डाग पाहिला. चार बोटं स्पष्ट उमटली होती. टवाळ पोरं शिट्ट्या मारतात, त्यांची बोटं दंडावर उमटत नाहीत, एवढं कळायला शाळा लागत नाही. पण म्हातारी त्याबद्दल काही बोलली नाही. "उद्यापासून ये," म्हणाली.

सुनेचा नवरा परमुलखात चाकरीला होता. घर थोरल्या दिराच्या हाती, आणि त्या हाताला वाईट सवय. भाकरी करपली की मार. उलट बोललं की मार. गप्प राहिलं तर गप्प का म्हणून मार. सासू म्हणायची, "थोरला आहे, चालायचंच." सुनेला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. तो उठलेला हात एकदा, निदान एकदा, अर्ध्यावर अडवायचा.

घरी तिनं टवाळांचंच कारण सांगितलं. दीर हसला. "शीक, शीक. हंडे उचलायला बळ येईल."

तीन वर्षं ती पदर कमरेला खोचून राबली. तळहात सोलले, घट्टे पडले. शेवटी शेवटी चार बाजूंनी चार पोरं खडे मारायची, पण तिच्या फिरत्या काठीतून एक खडा अंगाला लागत नव्हता. मग ती म्हणाली, "आजी, आता माझी परीक्षा घ्या."

म्हातारीनं गावातला एकही पहिलवान बोलावला नाही. तिनं थोरल्या दिराला निरोप धाडला.

दीर आला. म्हातारीनं त्याच्या हाती लाठी दिली. म्हशी हाकायला धरावी तशी त्यानं ती धरली. "हिच्याशी खेळू? लागलं-बिगलं तर रडेल हो, आजी."

सून समोर उभी राहिली. पाय पक्के, पकड पक्की. घरात शिरताना खाकरायचा तसा दीर सवयीनं खाकरला. तेवढंच. तिचा डावा हात काठी सोडून कमरेकडे गेला, खोचलेला पदर सुटला, डोक्यावर आला, नजर जमिनीला लागली. दिरानं वेडीवाकडी काठी हाणली आणि तिची लाठी अंगणाच्या कडेला जाऊन पडली.

"झालं शिकून? तीन वर्षं वाया," तो म्हणाला. "चल, दळण राहिलंय." आणि निघून गेला.

सून म्हणाली, "माझं हसं करायला बोलावलंत त्यांना?"

म्हातारी ओट्यावर बसली. "वस्ताद माझ्यावर हात उचलायचे," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं. तो हात कुठून येणार, ते मला त्यांच्याआधी कळायचं. त्यांचीच विद्या होती. एकदाही अडवला नाही. माझे दोन्ही हात पदर सावरण्यात गुंतलेले. अजून त्यांच्या पुण्यतिथीला गाव नारळ फोडतं आणि त्या खोबऱ्याची चटणी मी वाटते."

म्हातारीनं पडलेल्या लाठीकडे बोट दाखवलं.

"बाई, तुझी काठी कच्ची नाही. टवाळासमोर तू हे अंग राखशील आणि भावोजींसमोर टाकून देशील. अंगं काय दोन असतात? लाठी शिकायची ती कुणाला लोळवण्यासाठी नव्हे. समोर कुणीही असो, हे अंग माझं आहे आणि राखण्याच्या योग्यतेचं आहे, एवढं हाडात मुरावं, म्हणून शिकायची. ते मी तुला शिकवलंच नाही. मलाच येत नव्हतं."

"दंडावरचा डाग तुम्ही पहिल्याच दिवशी पाहिला होता ना?"

"पाहिला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"सगळे पाहतात आणि बोलत नाहीत. त्यातलीच मी एक."

सुनेनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती, पण राग तेवढा निवला होता. मग तिनं लाठी उचलली, पदर पुन्हा कमरेला घट्ट खोचला आणि म्हणाली, "उठा. भावोजी व्हा."

म्हातारी समोर आली आणि हुबेहूब थोरल्यासारखी खाकरली. सुनेचा डावा हात काठीवरून सुटला, पदराच्या दिशेनं निघाला आणि मध्येच थांबला.

"परत," ती म्हणाली.