लोंबतं चाक

“आणि तो नट मी आवळलाच नसला तर?”

अक्का ओट्यावर बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठला?”

“डाव्या चाकाचा. खालचा. तो निसटला ना अक्का, तर चाक आडवं होतं. चालत्या गाडीत.”

“आवळलास की नाही?”

“आवळलाय. वर पांढऱ्या रंगाची खूणसुद्धा केलीय. सकाळी उठल्या उठल्या पुन्हा खाली वाकून बघून आले. खूण जागच्या जागी आहे.”

“मग?”

“मग काही नाही… पण खूण मीच केलीय ना.”

अक्कांनी एक शेंग फोडली. आत दाणा नव्हता.

ऋजुता रात्रभर त्या नटापाशी होती. शेजारी तिची लेक रेवू पाय पोटाशी घेऊन झोपली होती, आणि ऋजुता मनातल्या मनात गाडीखाली शिरून अंधारात एकेक बोल्ट चाचपत होती. सापडला की पुढचा. पुढचा सापडला की आधीचा खरंच घट्ट होता का, ही शंका. पहाटे डोळा लागला तेव्हा स्वप्नात गाडी नव्हतीच, नुसतं एक चाक उतारावरून चाललं होतं.

अक्का तिच्या नात्यातल्या नव्हत्या. कुठल्याशा मठीतल्या. वर्षातला बराचसा काळ पायी फिरायच्या आणि चातुर्मासात एखाद्या घरी मुक्काम करायच्या. वाहनात बसत नसत, तसं व्रतच होतं. ऋजुताच्या आईनं त्यांना गुरू मानलं होतं. आई गेली, मिरजेचं हे बैठं घर ऋजुताकडं आलं, आणि आषाढात पिशवी घेऊन अक्काही दारात उभ्या राहिल्या, घराबरोबर त्याही वारशानं आल्यासारख्या. ऋजुताचा गुरूबिरूवर विश्वास नव्हता. ती कॉलेजात फिजिक्स शिकवायची. पण ज्याला काही विचारावं असं मोठं माणूस घरात दुसरं उरलं नव्हतं.

आणि विचारायचं तर पुष्कळ होतं.

तिचा नवरा कौस्तुभ वेगळा राहायला गेला तेव्हा नवी गाडी घेऊन गेला. जुनी अंगणात राहिली. ती खड्ड्यातून गेली की पुढच्या चाकांपाशी खडखड व्हायची. मागच्या रविवारी तो रेवूला फिरवून परत सोडायला आला, बॉनेटवर दोन्ही हात टेकून गाडी दाबून पाहिली आणि म्हणाला, “ऐकलंस? या डब्यात माझी मुलगी बसणार नाही. आवाज जाईपर्यंत ती माझ्याकडं राहील. वकिलालाही हेच सांगणार आहे मी.”

“मी करीन दुरुस्त.”

“तू?”

“मी.”

तो हसला होता. वाईट हसला नव्हता, तेच वाईट होतं. “डिग्री आहे गं तुझ्याकडं. हात कुठायत?”

हे वाक्य तिनं उशाशी घेतलं आठवडाभर. सुटे भाग मागवले, पाने जमवले, व्हिडिओ पुढं-मागं करून पाहिले, जॅक लावला. चाकांना धरून ठेवणारे झिजलेले लोखंडी हात काढून दोन्ही बाजूंना नवे बसवले. ज्या रबरांवर ते हात खाली-वर होतात ती रबरंही नवी. अंगठ्याचं साल गेलं, एक नख काळं पडलं. काल संध्याकाळी गाडी जॅकवरून उतरवली तेव्हा तिला कौस्तुभला फोन करून फक्त एवढंच सांगावंसं वाटलं होतं, की हात सापडले.

मग ती गाडी घेऊन गल्लीत गेली. खडखड गेली होती.

तिच्या जागी दुसरा आवाज आला होता. कर्रर्र… जुन्या दाराच्या बिजागरीसारखा, लांबलचक.

आज शनिवार. कौस्तुभ उद्या येणार होता.

“नट घट्ट आहे,” अक्का म्हणाल्या. “मग त्याच्याच मागं का लागलीस?”

“दुसरं काय चुकलं ते कळत नाही म्हणून.”

“हे बरंय. किल्ली हरवली विहिरीपाशी आणि शोधायची दिव्याखाली.”

“अक्का, टोमणे नंतर मारा. उद्या रेवू जाईल माझ्याकडून.”

अक्कांनी पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. मग शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“मला गाडीतलं काही म्हणजे काही कळत नाही. दाखव.”

“इथं बसून काय दाखवू? ते खाली असतं सगळं.”

“हा हात घे.”

अक्कांनी डावा हात खाली सोडला. वाळलेला, सुरकुतलेला, पण लांब हात. ओट्याच्या कडेवरून तो लोंबत राहिला.

ऋजुताला हसू आलं, आणि हसू आल्याचं बरंही वाटलं. वर्गात शिकवावं तशी ती सांगू लागली. “हे पाहा. तुमचा पंजा म्हणजे चाक. कोपरापासूनचा हा भाग म्हणजे तो लोखंडी हात. आणि कोपरापाशी रबर. एकीकडं ते गाडीला धरून असतं, दुसरीकडं हाताला. चाक वर गेलं की रबराला पीळ बसतो, खाली आलं की पीळ सुटतो.”

“आणि तू काय केलंस?”

“ते रबर जागेवर बसवलं आणि बोल्ट आवळला.”

“आवळ.”

ऋजुतानं दोन्ही हातांनी अक्कांचं कोपर धरलं.

“असा? काल असाच आवळलास?”

तिनं मूठ घट्ट केली. सैल कातडी बोटांत आली.

“सोडायचं नाही हं,” अक्का म्हणाल्या. आणि त्यांनी तो हात सावकाश उचलून नेहमीच्या जागी, मांडीवर ठेवला. सूप जवळ ओढलं. शेंगा सोलायला लागल्या.

ऋजुताच्या मुठीत कातडी पिळली गेली. लाल झाली. मग पांढरी.

“अक्का… दुखत असेल.”

“दुखतंय.”

“मग हात खाली सोडा ना.”

“खाली सोडून कसं चालेल? मी दिवसभर अशी बसते.”

ऋजुता पीळ पडलेल्या कातडीवर वाकली.

“तू धरलंस तेव्हा हात कुठं होता?”

ऋजुतानं मूठ सोडली. अक्कांच्या कोपरावर तिची बोटं उमटली होती. ती त्या वळांकडं बघत राहिली.

“लोंबत होता,” ती म्हणाली. मग अंगणाकडं बघत, “गाडी जॅकवर होती. चाक हवेत लोंबत होतं, आणि मी तसंच आवळून टाकलं सगळं. गाडी खाली आली तेव्हापासून ते रबर पिळलेलंच आहे. उभी असली तरी. काही न करताही… अक्का, ते खाली उतरवून आवळायचं असतं. वजन पडल्यावर.”

“आता सुचलं?”

ऋजुतानं सांडलेली टरफलं गोळा केली.

“की माहीत होतं?”

“माहीत होतं. व्हिडिओतल्या माणसानं सांगितलं होतं. पण गाडी खाली उतरवली की पाना शिरायला जागाच राहत नाही. आणि अंधार पडत आला होता. आणि मला वाटलं…”

“काय वाटलं?”

“वाटलं, घट्ट झालं म्हणजे झालं.”

अक्का हसल्या नाहीत. “लग्नाच्या वेळी केवढी होतीस गं तू?”

“त्याचा काय संबंध?”

“संबंध कशाला हवा. म्हातारी माणसं विचारतात काहीही.”

त्यावर ऋजुता उठली. राग आला की तिला काम सुचायचं. परसात शहाबादी फरशा पडून होत्या. त्या तिनं एकेक ओढत आणल्या, चाकांपुढं पायऱ्यांसारख्या रचल्या, आणि पुढची दोन्ही चाकं जपून त्यांच्यावर चढवली. मागच्या चाकांना दगड लावले. हँडब्रेक ओढला, पुन्हा ओढून पाहिला. आता गाडी स्वतःच्या चाकांवर उभी होती आणि खाली पडल्या पडल्या शिरण्याइतकी जागाही झाली होती.

“काल सुचलं असतं तर,” ती स्वतःशीच म्हणाली.

रेवू पायरीवर बसून खडूनं काहीतरी काढत होती. सहा वर्षांची मुलगी इतकी गप्प कशी बसते, म्हणून शेजारच्या बायका ऋजुताचं कौतुक करायच्या.

ऋजुता गाडीखाली सरकली. पाना लावला. तेवढ्यात वर दार उघडल्याचा आवाज झाला आणि गाडी किंचित दबली.

“कोण आहे?”

“मी.”

ती घाईघाईनं बाहेर आली. अक्का मागच्या सीटवर बसल्या होत्या, पदर सावरून, अगदी लग्नाला निघाल्यासारख्या.

“अक्का! गाडीत? तुमचं व्रत?”

“ही कुठं जाणारय का?”

“नाही.”

“मग ही खोली आहे. वजन पडायला हवं म्हणालीस ना?”

“गाडीचं स्वतःचं पुरतं हो.”

“गाडी रिकामीच फिरवणार आहेस?”

ऋजुताचं लक्ष अक्कांच्या शेजारच्या रिकाम्या सीटकडं गेलं.

“रेवू,” अक्कांनी हाक मारली. “ये गं.”

“नको!” ऋजुता एकदम म्हणाली. “रेवू, तिथंच थांब. पायरीवरून हलायचं नाही.”

रेवू उठता उठता थांबली. अर्धी उभी, अर्धी बसलेली. दोघींकडं आळीपाळीनं पाहत.

“उद्यापासून या गाडीतून कुणाला नेणार आहेस?” अक्कांनी विचारलं.

“रेवूला.”

“मग ती पायरीवर का?”

“काही झालं तर, अक्का… लहान आहे ती. तिच्यावर कशाला…”

अक्कांनी नुसतं शेजारच्या सीटवरची धूळ हातानं झटकली.

ऋजुता दारातून बाजूला झाली. “जा.”

रेवू आली. दार तिनं जराही आवाज न करता लावलं. पाय जुळवले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि समोर पाहत बसली.

“अगं, श्वास तरी घे,” अक्का म्हणाल्या.

“घेतेय अक्काआजी. हळूच घेतेय.”

ऋजुतानं ते खालून ऐकलं. पाना हातात तसाच राहिला क्षणभर. मग तिनं जोर लावला.

पहिला बोल्ट सैल झाला तेव्हा ‘कट्’ असा आवाज झाला, आणि बसून बसून अवघडलेल्या माणसानं मांडी बदलावी तशी गाडी जराशी खाली बसली. दुसरा. मग पलीकडचे. प्रत्येक वेळी थोडी थोडी. आपण काल किती पीळ भरून ठेवला होता, ते ऋजुताला आता पाठीवर पडल्या पडल्या दिसत होतं. तिनं सगळे बोल्ट पुन्हा आवळले. सावकाश, वजनाखाली. कुठंही खूण केली नाही.

बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत माती होती आणि डोळ्यांत पाणी. मातीमुळं, असं तिनं सांगून टाकलं. कुणी विचारलं नव्हतं.

अक्का उतरल्या. “जा, फिरवून आण.”

“तुम्ही?”

“आता ती खोली राहिली नाही.”

ऋजुतानं गाडी मागं घेऊन फरशांवरून उतरवली. रेवू तशीच मागं बसली होती. गल्ली संपते तिथं, शाळेच्या फाटकासमोर एक उंच स्पीडब्रेकर होता. जुनी खडखड व्हायची ती तिथं, आणि काल तो कर्रर्र आवाजही तिथंच आला होता. तो स्पीडब्रेकर जवळ आला की रेवू एरवी मोठमोठ्यानं गाणं म्हणायची. ऋजुताला वाटायचं, शाळा दिसली की हिला हुरूप येतो.

आज रेवूनं गाणं म्हटलं नाही. ती कान देऊन बसली होती.

पुढची चाकं चढली. उतरली. मागची चढली, उतरली.

काही नाही. फक्त टायरांचा मऊ आवाज.

ऋजुता वळली, पुन्हा स्पीडब्रेकरवरून गेली, पुन्हा वळली. घरापुढं आली तेव्हा अक्का फाटकाशी उभ्या होत्या. इंजिन बंद न करताच तिनं काच खाली केली.

“अक्का, गेला! आवाज गेला!… गेला ना? का मलाच तसं वाटतंय? उद्या तो बॉनेट दाबून बघेल, आणि…”

“मी कुठं होते आत? होती तिला विचार.”

ऋजुतानं मागं वळून पाहिलं.

रेवूनं आधी आईकडं पाहिलं, मग काचेबाहेर, मग पुन्हा आईकडं.

“नाही आला,” ती म्हणाली. “आता बाबानं फोनवर ‘आवाज येतो का?’ असं परत विचारलं ना, तर मला खरं बोलता येईल.”