सर्जेराव सारखी वाटणी करतो

सोनखांब गावात एक भोळा गृहस्थ राहायचा. नाव सर्जेराव. भोळा आपलं म्हणायचं, मारुतीच्या पारावर त्याला दुसरा शब्द होता. देव अक्कल वाटत होता तेव्हा हाही रांगेत होता म्हणे, फक्त तोंड उलट्या दिशेला करून.

गावातले निवृत्त गुंजाळ मास्तर दर रविवारी दुपारी चार-पाच बाप्यांना जमवून वीरांचा खेळ खेळवायचे. प्रत्येकाने कागदावर आपला वीर तयार करायचा. त्याचं बळ, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण आणि रुबाब असे सहा गुण आकड्यांत मांडायचे आणि मग राक्षस मारायचे. घरात पाल निघाली की बायकोला हाका मारणारे हे वीर! त्यांत सर्जेरावही जाऊन बसला.

मास्तर म्हणाले, "चार फासे टाक. सगळ्यात लहान काढून टाक. उरलेल्या तिन्हींची बेरीज म्हणजे तुझं बळ."

सर्जेरावाने फासे टाकले. एक आला तो फासा उचलला आणि खिडकीतून विहिरीत टाकला.

"अरे गाढवा, फासा नाही टाकायचा! जे लहान असेल ते मोजायचं नाही, एवढंच!"

"हां, असं होय!"

सोमवारी मेहुणीच्या घरी बारसं होतं. बायकोने, शेवंताने, त्याला पानं मोजायला पाठवलं. त्याने सांगितलं चाळीस. जेवायला बसली सत्तर. निम्म्या बायका उपाशी उठल्या.

"अहो, मोजलंत तरी कसं?"

"लहान मोजायचं नसतं. तीस पोरं सोडून दिली."

शेवंताने कपाळावर हात मारला. सर्जेरावाला वाटलं, हिचं डोकं दुखतंय.

पुढच्या रविवारी मास्तर म्हणाले, "फासे बंद. नशिबाने एकाला जास्त, एकाला कमी, हा अन्याय आहे. प्रत्येकाला सत्तावीस गुण. एकीकडे वाढवायचं तर दुसरीकडे कमी करायचं. एकूण तेवढंच राहिलं पाहिजे."

सर्जेरावाने वीराचं बळ वाढवलं आणि बुद्धी तळाला नेली.

"हुबेहूब उतरलाय," सगळे म्हणाले. सर्जेराव खूश झाला.

मंगळवारी शेवंता म्हणाली, "गोठ्यावरची कौलं फुटलीत. तेवढी घाला."

त्याने घातली. दुपारी ती भाकरी थापत होती, तर वरून कावळा उतरला आणि भाकरी घेऊन गेला. तिने वर पाहिलं. चुलीवर नुसतं आभाळ.

"अहो, छप्पर कुठंय?"

"गोठ्यावर. तिकडे वाढवलं म्हणून इकडे कमी केलं. मोजून बघ, एक कौल कमी भरणार नाही."

त्या दिवशी शेवंता तडक मास्तरांच्या दारात गेली. काय बोलली ते अख्ख्या आळीने ऐकलं. मास्तरांनी रविवारी तिसरीच रीत काढली. "हे बघ सर्जेराव, आता डोकं चालवायचंच नाही. हे सहा आकडे सगळ्यांना सारखेच दिलेत. ही कागदावरची सहा घरं. तुला हवा तो आकडा हव्या त्या घरात बसव. फक्त एकही घर रिकामं सोडू नकोस."

"एवढंच ना?" सर्जेराव म्हणाला.

गुरुवारी गावात सामुदायिक लग्न होतं. सहा नवरे, सहा नवऱ्या. सरपंचाला दुसरा माणूस मिळाला नाही, यातच त्याची अक्कल दिसते. म्हणाला, "सर्जेराव, नवरदेवांना पाटांवर बसव."

मुंडावळ्यांत सगळे नवरदेव सारखेच. सर्जेरावाने उंच नवरीसमोर उंच बसवला, गोरीसमोर गोरा. मनाला येईल तसे पाच बसवले. सहावा फेटा बांधायला गेला तो आलाच नाही. पाट रिकामा. समोर अंतरपाट धरलेले, भटजी घाईत. सर्जेरावाला राहवेना. तो स्वतःच पाटावर चढला.

मंगलाष्टकं झाली. ताशा कडाडला. अंतरपाट खाली आले. पाच वधूंनी पाच परक्यांकडे पाहिलं आणि किंकाळी फोडली. सहावीने डोळे मिटूनच हार घातला, तो सर्जेरावाच्या गळ्यात. वऱ्हाडी एकमेकांच्या गचांड्या धरू लागले. गुंजाळ मास्तर कनातीखालून सरपटत पळाले.

पहिल्या रांगेतून, मुठीतल्या अक्षता तशाच धरून, शेवंता ओरडली, "अहो! हे काय केलंत?"

"अगं, घर रिकामं सोडायचं नसतं."

"आणि माझं घर?"

सर्जेराव विचारात पडला. खरंच की, ते राहिलंच होतं. तेवढ्यात फेटा सावरत सहावा नवरदेव मांडवात शिरला. सर्जेरावाचा चेहरा उजळला. त्याने पाटावरूनच शेवंताकडे बोट दाखवत हाक मारली,

"या पाहुणे, या! तुम्ही हिच्यासमोर बसा!"