राजाला नाही म्हणणारी येसू

फार फार जुन्या काळी, दोन डोंगरांच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं. तिथल्या राजाचा प्रजेवर भारी जीव. कुणाची गाय हरवली तरी त्या दिवशी त्याला घास गोड लागत नसे.

केस पिकले तसा राजा विचार करू लागला. 'माणसं सगळ्यांची, नदी सगळ्यांची, मग ठरवणारा मी एकटाच का?' त्याने जाणत्यांना बोलावून खूप खल केला आणि राज्याचा कायदाच बदलून टाकला. यापुढे मोठ्या गोष्टी सभेत ठरतील. बाई असो की बाप्या, प्रत्येकाला एक हात. ज्या बाजूला हात जास्त, तिचा निर्णय. राजाचाही हात एकच. हा कायदा शिळेवर कोरून चौकात उभा केला, गावोगाव साखर वाटली.

पहिली सभा भरली. प्रश्न साधा होता, जत्रा उन्हाळ्यात भरवावी की हिवाळ्यात?

"उन्हाळ्यात कोणाला हवी?" प्रधानाने विचारलं. एकही हात हलेना. सगळ्यांचे डोळे राजाकडे. तेवढ्यात राजाच्या नाकावर माशी बसली. ती हाकलायला त्याने हात उचलला मात्र, सभेतले सगळे हात झर्रकन वर!

"अरे, माशी होती ती!" राजा कळवळून म्हणाला. तसे सगळे हात झर्रकन खाली.

राजाने कायद्यात दुरुस्ती केली. तो पडद्याआड बसू लागला. मग लोक प्रधानाचं तोंड पाहू लागले. पुन्हा दुरुस्ती झाली, प्रधानालाही बाहेर बसवलं. आता पडद्यामागून राजा कधी खोकतो, याकडे लोक कान लावून बसले! शिळेवर कोरायला जागा उरली नाही.

"आणखी काय लिहू मी?" राजाने थकून राणीला विचारलं.

राणी म्हणाली, "अहो, लिहिलंत ते चांगलंच आहे. पण तुम्हाला 'नाही' म्हटलं तर काय होतं, हे त्यांनी कधी पाहिलंय? मामंजींना नाही म्हणणाऱ्यांचं काय झालं, ते मात्र सगळ्यांना आठवतं."

राजा उठून सभेच्या जागी गेला. पडदा त्याने काढून टाकला.

पुढच्या सभेत प्रश्न आला नदीवरच्या पुलाचा. दगड एकाच पुलापुरता होता. राजाने मन मोकळं केलं. "पलीकडच्या काठावर माझ्या आईची समाधी आहे. तिच्यासमोर पूल व्हावा, ही माझी लहानपणापासूनची इच्छा."

हात वर जाऊ लागले. इतक्यात खालच्या वाडीची येसू उभी राहिली.

"महाराज, मी नाही हात वर करणार."

"का, बाई?"

"गेल्या पुरात माझी सून अडली. सुईण पलीकडच्या काठाला. नाव घालायला कुणी धजेना. सून गेली, पोटातलं बाळही गेलं. पूल आमच्या वाडीपाशी हवा. आईसाहेब आम्हाला देवासारख्या, पण त्यांना आता नदी ओलांडायची नाही. आम्हाला ओलांडायचीय."

कोतवालाने पुढे होऊन येसूचा दंड धरला.

राजाची कानशिलं तापली. आईबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं. एक शब्द त्याच्या ओठांवर आलाही. पण त्याने समोर पाहिलं. येसूकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे बघत होते ते राजाकडे, आता हा काय करतो म्हणून.

राजाने तो शब्द गिळला.

"कोतवाल, हात सोड. बाईंचं बोलणं संपलेलं नाही."

"संपलं, महाराज," येसू म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"मग मोजा हात."

राजाने आपला हात आपल्याच बाजूला वर केला. पुष्कळांनी त्याला साथ दिली. पण वाडीकडचे हात आधी भीत भीत, मग भराभर वर गेले. राजा हरला.

घरी आल्यावर राणीने विचारलं, "लागलं मनाला?"

"फार," राजा म्हणाला, आणि न जेवताच निजला.

सकाळी मात्र तो खालच्या वाडीला गेला. पुलाचा पहिला दगड त्याने स्वतःच्या खांद्यावरून नेऊन ठेवला आणि येसूच्या ओसरीवर बसून पाणी प्यायला. ही बातमी वाऱ्यासारखी राज्यभर पसरली.

त्यानंतरच्या सभेत तर नुसता गोंधळ! दोन शेजारी हमरीतुमरीवर आले, एका म्हाताऱ्याने "महाराज, जरा आटोपतं घ्या" असंही सुनावलं. राजा आटोपतं घेऊन खाली बसला. कान देऊन ऐकत राहिला आणि गालातल्या गालात हसत राहिला.

म्हणूनच म्हणतात, कायदा प्रजेला हक्क देतो, पण तो हक्क जिवंत होतो तो कुणी धीराने 'नाही' म्हटल्यावर आणि सत्ताधाऱ्याने ते मानल्यावर.