शांभवी आसनावर बसली

"ती तुझ्या आसनावर जाऊन बसली, एवढंच ना?" अक्कांनी विचारलं.

"एवढंच?" विरूपाक्षाला संतापानं धड बोलवेना. "अक्का, ते आसन तुम्ही मला दिलंय. स्वतःच्या हातानं घातलंय. त्यावर नऊ वर्षांची पोरगी सगळ्या वर्गादेखत मांडी घालून बसली."

टेकडीवरच्या त्या लहानशा मठात गावातली मुलं रोज दुपारनंतर पाठांतराला येत. त्यांना शिकवायचा विरूपाक्ष. लहानपणापासून मठातच वाढलेला, मधली काही वर्षं काशीला राहून आला होता. वाणी शुद्ध होती, आणि ती शुद्ध आहे हे त्याला पुरतं ठाऊक होतं. अक्का मठाच्या प्रमुख. वय झालेलं, बोलणं मोजकं.

"आपणहून बसली?"

"हो... म्हणजे..."

अक्का वाट बघत राहिल्या.

"मी गोष्ट सांगत होतो. ती मध्येच म्हणाली, ही गोष्ट मागच्या सोमवारी झालीय. मी लक्ष दिलं नाही. तर म्हणाली, यात शेवटी हत्ती मरतो. मुलं हसायला लागली. मग मी म्हणालो, एवढं कळतं ना तुला? ये, बस माझ्या जागेवर. तूच शिकव."

"मग?"

"आली. बसली. पुस्तक सरळ केलं आणि म्हणाली, पान बारा काढा."

अक्कांनी पदर तोंडाशी नेला.

"मुलांनी काढलं?"

"काढलं," विरूपाक्ष कसाबसा म्हणाला. "मी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. पुन्हा पायरी चढायची नाही म्हणून बजावलं. आता तिची आई खाली येऊन उभी आहे. तुम्हीच सांगा तिला, अक्का. असल्या मुजोर पोरीला या मठात जागा नाही."

"बोलाव दोघींना."

कस्तुरी वर आली ती मुलीचा हात घट्ट धरून. एसटीत कंडक्टर होती, ड्युटी संपवून खाकी कपड्यांतच आली होती. शांभवी ओसरीच्या कडेला उभी राहून घंटेच्या दोरीकडे बघत होती.

"नमस्कार करते, अक्का. पण रागात आहे, आधीच सांगते," कस्तुरी म्हणाली आणि विरूपाक्षाकडे वळली. "गुरुजी, माझ्या पोरीच्या दंडावर तुमची बोटं उमटलीत."

"तिनं माझी थट्टा केली."

"थट्टा तिला येत नाही हो. आली असती तर मी गावभर पेढे वाटले असते."

विरूपाक्षानं तोंड फिरवलं.

"इकडं बघा. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलंय तिला, चांगलं चारदा बोलावून. शब्द येतात तिला, वाक्यं येतात, पाठांतर तर तुम्हाला माहीतच आहे. पण माणसं बोलतात एक आणि मनात धरतात दुसरं. ते तुम्हाआम्हाला आपोआप कळतं, तिला कळत नाही. समोरचा चिडलाय की गंमत करतोय, आपण कधी बोलायचं, कधी गप्प राहायचं, हे तिला एकेक करून शिकवावं लागतं. बाकीच्या पोरांना पाढे शिकवतात तसं. सामाजिक संवादाची अडचण म्हणतात याला. उद्धटपणा म्हणत नाहीत."

"बाई, ही नावं शहरात मिळतात. आमच्याकडं याला वळण म्हणतात. सांगितल्याशिवाय कळणं, हेच तर वळण."

"आणि सांगूनही ज्याला कळत नाही, त्याला काय म्हणतात तुमच्याकडं?"

विरूपाक्षाची कानशिलं तापली.

कस्तुरी थांबायला तयार नव्हती. "शेजारीण म्हणाली, ये गं कधीही जेवायला, घर तुझंच आहे. ही गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी शेजारीण माझ्या दारात, तुझ्या पोरीला लाज कशी नाही म्हणून. मी शेजारणीला विचारलं, बोलावलं कोणी होतं? तर म्हणे, तसं सगळेच म्हणतात. नातेवाईक म्हणतात चार फटके द्या. मठात येणाऱ्या बायका म्हणतात, देवाचं लेकरू आहे, सोडून द्या. देवाचं नको मला. माझंच असू दे. दिवसभरात ही एकच जागा आहे, जिथं ती चार पोरांत बसते. घरी आली की मला सांगते, आज रेणुका माझ्याशी बोलली. ती जागा मी सोडायची नाही, अक्का."

"गुरुजी बस म्हणाले म्हणून मी बसले," शांभवी घंटेच्या दोरीकडे बघतच म्हणाली. "मग उठ म्हणाले नाहीत. एकदम ओढलं."

"ऐकलंत?" विरूपाक्ष ताडकन उठला. "वर उलट उत्तर. अक्का, आता स्पष्टच बोलतो. उद्या ही पोरगी वर्गात दिसली तर माझं इथं काही काम नाही. बांधा माझं गाठोडं. मी चाललो."

वाक्य खणखणीत उमटलं. त्याला ते आवडलं. मागे एकदा असंच म्हणाला होता, तेव्हा सगळा मठ त्याची समजूत काढायला धावला होता.

अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "शांभवी."

"काय?"

"आत डाव्या हाताच्या खोलीत गुरुजींचे कपडे आहेत. त्यांचं गाठोडं बांधून आण."

"पुस्तकं पण?"

"नको. ती जड आहेत. ते हातात नेतील."

शांभवी आत गेली.

"अक्का, अहो..." कस्तुरीचा राग अर्ध्यातच अडकला. अक्कांनी तळहात वर केला.

आतून पेटीचं झाकण वाजलं...

शांभवी गाठोडं घेऊन आली. ते तिनं विरूपाक्षाच्या पायांपाशी ठेवलं. "एक पंचा ओला होता. तो वेगळा बांधलाय," ती म्हणाली.

विरूपाक्ष गाठोड्याकडे बघत राहिला. जायचं कुठं? काशीला ओळखीचं कोणी उरलं नव्हतं. गावचं घर भावाचं होतं, आणि भावजयीनं गेल्या दिवाळीला त्याला राहा असं म्हटलं नव्हतं. एका वाक्यावरून... एका वाक्यावरून माणसाला असं बाहेर काढायचं?

"अक्का, मी जातो असं म्हणालो नव्हतो."

"म्हणालास."

"रागात म्हणालो. मिसरूड फुटायच्या आधीपासून तुमच्या पायाशी आहे मी. आणि तुम्ही... माणूस बोलला तेच धरून बसायचं? त्याला काय म्हणायचंय, ते ओळखायला नको?"

अक्कांनी नुसतं शांभवीकडे पाहिलं.

विरूपाक्षाची नजर शांभवीच्या दंडाकडे गेली. तिथं अजून लाल होतं.

"गुरुजी," शांभवीनं विचारलं, "तुम्हाला जायचंय का नाही?"

त्यानं तिच्या चेहऱ्यावर खोडसाळपणा शोधला. ओठांत शोधला, डोळ्यांत शोधला. सापडला नाही. तिला खरोखरच ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायचं होतं.

"नाही," तो म्हणाला. "मला जायचं नाही."

"मग सोडू?"

"सोड."

ती खाली बसली आणि गाठी सोडायला लागली. एक गाठ फारच घट्ट बसली होती. तिनं ती दातांनी सैल केली.

कस्तुरीनं घसा खाकरला. आता तिचा आवाज खाली आला होता. "मग गुरुजी, उद्या वर्गाला पाठवू हिला?"

"बघू," विरूपाक्ष म्हणाला.

हे 'बघू' कस्तुरीनं शाळेच्या कचेरीत ऐकलं होतं, सासरच्या माजघरात ऐकलं होतं, डेपोत बदली मागायला गेली तेव्हाही ऐकलं होतं. तिचा चेहरा पुन्हा दगडासारखा झाला. तिनं मुलीचा हात धरला. "ऊठ. चल."

शांभवी उठली नाही. ती विरूपाक्षाकडे बघत होती.

"काय बघायचंय?" तिनं विचारलं.

विरूपाक्षानं तोंड उघडलं. एवढे ग्रंथ जिभेवर नाचवणारा माणूस... दोन साधे शब्द त्याला जुळेनात.

"उद्या..." तो म्हणाला, आणि अडला.

"चल गं. मिळालं उत्तर," कस्तुरी म्हणाली.

"थांब, कस्तुरी," अक्का विरूपाक्षाकडे बघत म्हणाल्या. "काही मुलं उशिरा बोलायला लागतात."