अखंड पहारा

घाट चढून आल्यावर लागणाऱ्या एका गावात एक मोठं रुग्णालय होतं. तिथल्या संगणकांची राखण गिरिजा ताम्हाणे हिच्याकडे होती. बाहेरून येणारा प्रत्येक संदेश तपासणारा एक पहारेकरी प्रोग्राम तिने बसवला होता. घुसखोर दिसला की तो तिच्या पडद्यावर लाल दिवा लावी, एरवी हिरवा. बसवल्यापासून तो कधीच बंद ठेवावा लागला नव्हता. पाहुणे आले की गिरिजा हे आवर्जून सांगे.

एके सकाळी तिचा सहकारी दिगंबर खोत म्हणाला, "गिरिजाताई, आपल्या प्रोग्राममध्ये दोष सापडलाय. मुद्दाम गुंतागुंतीचा केलेला संदेश आला, तर तो उलगडता उलगडता हा गोठतो. दुरुस्ती आली आहे. थोडा वेळ बंद करून बसवून घेऊ."

"बंद? आणि तेवढ्यात कोणी आत शिरलं तर?"

"आपण दोघं लक्ष ठेवू ना."

"नको. आजवर खंड पडला नाही, आता कशाला पाडायचा? पुढे बघू."

दिगंबरने पुन्हा विषय काढला. तिने तो हसण्यावारी नेला.

पावसाळा सरला. एका दुपारी तसाच संदेश आला. तो सोडवता सोडवता प्रोग्राम गोठला आणि पुढचे संदेश न तपासताच आत येऊ लागले. पडद्यावरचा हिरवा दिवा मात्र होता तसाच राहिला. गिरिजाने तो पाहिला आणि ती निश्चिंत मनाने जेवायला गेली. मागोमाग चोर आत शिरले आणि त्यांनी रुग्णांचे सगळे अहवाल कुलूपबंद करून टाकले.

त्याच वेळी अपघातात जखमी झालेली एक मुलगी शस्त्रक्रियेसाठी आणली होती. तपासण्या झाल्या होत्या, पण एकही अहवाल उघडेना. डॉक्टरांनी तिला नाइलाजाने दुसऱ्या शहरात पाठवलं. त्यात वेळ गेला. जीव वाचला, पाय गेला.

पुढे मुलीचे वडील तिचे कागद न्यायला आले. त्यांनी विचारलं, "बाई, राखण करणारं काहीच नव्हतं का तुमच्याकडे?"

"होतं. ते बंद पडलं."

"तुम्हाला कळलं कसं नाही?"

दिगंबर शेजारीच उभा होता. त्याच्याकडे हात दाखवत गिरिजा म्हणाली, "यांनी मला आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

वडील कागद घेऊन निघून गेले. गिरिजा पडद्याकडे वळली. दुरुस्ती आता बसवून झाली होती. ती बसवायला पाव तासही लागला नव्हता.

तात्पर्य: राखणदार गप्प आहे म्हणजे सगळं सुखरूप आहे, असं समजू नये. तो जागा आहे ना, हे पाहत राहावं. आणि त्याचा दोष कळल्यावर अभिमानापायी दुरुस्ती लांबवू नये.